१.६२ लाख किमी झालेली २०१४ ची डिझायर डिझेल घ्यावी का?

कृष्णाकाठ

सांगलीतच एक स्विफ्ट डिझायर व्हीडीआय बघून ठेवली आहे. नोंदणी जून २०१४, एमएच-१०, दुसरा मालक, मीटरवर १,६२,४०० किमी. मागणी ३ लाख २५ हजार. माझं सांगली-कोल्हापूर रोजचं जाणं-येणं, म्हणजे महिन्याला अडीच हजार किमीच्या आसपास. हातात एकूण साडेतीन लाख आहेत, घेतल्यावरचं कामही त्यातच बसवायचं आहे.

घरच्यांचं म्हणणं, दीड लाखाच्या वर चाललेली गाडी नकोच. गॅरेजवाला म्हणतो हे इंजिन तीन लाख आरामात जातं. मला हे हवं आहे: इंजिन न खोलता काय काय कळू शकतं? मीटर मागे फिरवलंय का ते कसं ओळखायचं? आणि गाडी इथलीच असल्याने महापुराच्या पाण्यात उभी होती का, हे कुठे बघायचं?

ग्लोप्लग

आकड्याला घाबरू नका, ऑइल कधी बदललं याचे कागद नसतील तर मात्र घाबरा. हे फियाटचं १२४८ सीसी मल्टिजेट. रिट्झ, अर्टिगा, पुंटो, इंडिका व्हिस्टा अशा कितीतरी गाड्यांत हेच बसलं, त्यामुळे मारुतीने २०२० मध्ये डिझेल बंद केलं तरी पार्ट आणि हात बसलेले मेस्त्री दोन्ही मिळतात.

यात टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे. 'चेनला कधी हात लावावा लागत नाही' असं सर्रास सांगतात आणि गाडी तिथेच फसते. चेन बारीक आहे आणि तिला ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. दहा हजार किमीवर बदलायचं ऑइल वीस हजारांपर्यंत ओढलं की त्यातली काजळी चेनच्या पिना घासत राहते आणि चेन लांबते. टेन्शनरची पोच संपली की चेन एखादा दात सरकते, वॉल्व पिस्टनवर आपटतात, रॉकर तुटतात. मग हेड उतरवण्यावाचून गत्यंतर नाही. म्हणजे वेळेवर ऑइल पडलेली २ लाख किमीची गाडी मी डोळे झाकून निवडेन, पण बिलं नसलेली ९० हजार किमीची नाही.

आता तपासणी. सकाळी थंड गाडी बघायला जा आणि मालकाला आधीच सांगा की स्टार्ट करून ठेवू नका. गेल्यावर पहिल्यांदा बॉनेटवर हात ठेवा. कोमट लागलं तर त्या दिवशी न बघताच परत फिरा, कारण चेनची खडखड, सेल्फ किती वेळ घेतो आणि पहिला धूर या तिन्ही गोष्टी थंड इंजिनावरच कळतात. बॉनेट उघडून ड्रायव्हरच्या बाजूला कान द्या, चेनचं कव्हर तिकडे आहे. सेल्फ मारल्यावर सेकंद-दोन सेकंद खडखड होऊन थांबली तर चेनचं वय झालंय, काम जवळ आलंय. गरम इंजिनावरही आयडलला येत राहिली तर चेन संपलेली आहे, ती गाडी चालवत घरीसुद्धा आणू नये.

ऑइलचं झाकण काढा. आत काळा मेणासारखा थर असेल तर ऑइल वेळेवर बदललेलं नाही, मालक काहीही म्हणो. दुधाळ चिकटा दिसला तर पाणी ऑइलमध्ये शिरतंय. डिपस्टिकवरचा काळा रंग बघून काही ठरवू नका, डिझेलचं ऑइल बदलल्यावर थोड्याच दिवसांत काळं होतं. पातळी बघा. वरच्या खुणेच्याही वर असेल आणि डिझेलचा वास येत असेल तर डिझेल ऑइलमध्ये उतरतंय. मग इंजिन चालू ठेवून झाकण नुसतं तोंडावर टेकवा. थोडं थरथरलं तर चालतं. उडून पडलं आणि धुराचे भपकारे आले तर पिस्टनच्या रिंगा गेल्यात. तिथेच नमस्कार करून निघा.

धूर: रेस मारताना थोडा काळा धूर म्हणजे एअर फिल्टर, ईजीआर (धूर परत इंजिनात सोडणारा वॉल्व) किंवा टर्बोचा फाटका होज, हे स्वस्तातलं काम. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय, रिंगा किंवा टर्बोचं सील. गरम झाल्यावरही दाट पांढरा येत असेल तर हेड गॅस्केट किंवा इंजेक्टर.

टर्बोसाठी इंजिन बंद आणि थंड असताना एअर फिल्टरकडून येणारा होज काढून शाफ्ट बोटाने हलवून बघा. बाजूला किंचित हालचाल असतेच. आत-बाहेर हलला किंवा पाती घराला घासली तर टर्बो काढावा लागणार. होजमध्ये ऑइलचा ओलावा चालतो, डबकं चालत नाही.

इंजेक्टरसाठी स्कॅनर लावणाऱ्या माणसाला पाचशे-हजार द्या. आयडलला चारही सिलिंडरचं करेक्शन, म्हणजे कॉम्प्युटर कोणाला किती कमी-जास्त डिझेल देतोय, ते बघायला सांगा. तीन जवळपास सारखे आणि एक फटकून असेल तर तोच इंजेक्टर. खात्री करायची तर इंजेक्टरचं उरलेलं डिझेल परत नेणाऱ्या चारही रिटर्न नळ्यांना बाटल्या लावून काही मिनिटं आयडलला ठेवतात. ज्या बाटलीत इतरांपेक्षा कितीतरी जास्त डिझेल जमतं तो झिजलेला.

चालवताना दोन हजार आरपीएमच्या खाली गाडी मरगळलेली वाटेल, तो या इंजिनाचा स्वभाव आहे, त्यावर भाव पाडू नका. क्लच असा बघा: चौथ्या गिअरमध्ये ४० चा वेग, पाय पूर्ण दाबा. आरपीएम चढला आणि वेग तिथेच राहिला तर क्लच प्लेट संपली. जोतिबाचा चढ एसी लावून चढवा, वर जाऊन पाच मिनिटं चालू ठेवा आणि टेंपरेचरवर लक्ष ठेवा.

गावभाग

पुराचं मी सांगतो. २०१९ च्या ऑगस्टात आणि २०२१ च्या जुलैत सांगलीत कितीतरी गाड्या स्टिअरिंगपर्यंत बुडाल्या. विमा कंपन्यांनी टोटल लॉस केलेल्या गाड्या लिलावात जातात, धुऊनपुसून पुन्हा बाजारात येतात. त्यामुळे पहिला प्रश्न मालकाला हाच: त्या दोन्ही वेळी गाडी कोणाकडे आणि कुठे होती? आरसीवरचा जुना पत्ता मारुती चौक, गावभाग अशा भागातला असेल तर जास्त बारकाईने बघा.

सीटबेल्ट पूर्ण शेवटापर्यंत ओढा. वरचा भाग सगळेच धुतात, पण रिळावर गुंडाळलेल्या तळच्या हातभर पट्ट्यावर मातीची रेघ राहून जाते. पुढची सीट मागे सरकवून रुळांचे बोल्ट बघा. केबिनमधल्या बोल्टला गंज चढायला दुसरं कारण फारसं नसतं. दरवाजाच्या उंबऱ्याची प्लास्टिक पट्टी उचलून कार्पेटखाली हात घाला. बारीक, पिठासारखी पिवळट माती हाताला लागली तर ती नदीची. कार्पेटखालून जाणाऱ्या वायरिंगचे जोड उघडा, पिना हिरवट झाल्या असतील तर ती गाडी आज चालेल आणि पुढच्या पावसाळ्यात एकेक दिवा, मग सेन्सर, मग सेंट्रल लॉक असं करत छळेल. त्या दुखण्याला शेवट नाही, कितीही स्वस्त मिळाली तरी नको.

अपघातासाठी डिकीतली स्टेपनी काढून खालचा पत्रा बघा, दरवाजांची रबरं ओढून पिलरवरचे वेल्डिंगचे ठिपके बघा. कंपनीचे ठिपके सारख्या अंतरावर गोल असतात, हाताने केलेलं वेल्डिंग लांबट आणि वेडंवाकडं दिसतं. बंपर, फेंडर रंगवलेला असणं या वयात गैर नाही. पिलर आणि चासीचे पुढचे दोन दांडे सरळ हवेत.

मीटरबद्दल: १.६२ लाख दाखवतोय म्हणजे खरंच बोलतोय असं धरू नका, २.६० लाखांचे १.६० करणारेही आहेत. मालकाला सोबत घेऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरला जा. गाडीच्या नंबरवर प्रत्येक सर्व्हिसची तारीख आणि किमी निघतात. त्यातला एखादा आकडा पुढच्या तारखेच्या आकड्यापेक्षा मोठा असेल तर विषय संपला. टायरच्या बाजूला डीओटीनंतर शेवटचे चार आकडे असतात, २३१८ म्हणजे २०१८ चा २३ वा आठवडा. पायाखालची रबरं, गिअरची मूठ, ड्रायव्हर सीटची उजवी कड यांची झीज मीटरशी जुळते का बघा. तिन्ही अगदी नवी असतील तरी विचारा की का बदलली.

सस्पेन्शन थोडक्यात: लिंक रॉड, लोअर आर्मचे बुश, स्ट्रट माउंट या रनिंगला एकदा होऊन गेलेलं असायला हवं. स्टिअरिंग पूर्ण वळवून गोल फिरवा, कटकट आली तर ड्राइव्ह शाफ्टचा जॉइंट.

आरसीबुक

कागदांचं.

विम्याची चालू पॉलिसी मागा आणि त्यावर एनसीबी (क्लेम न केल्याची सवलत) किती टक्के आहे बघा. ५० असेल तर सलग पाच वर्षं क्लेम नाही. शून्य किंवा २० असेल तर अलीकडे क्लेम झालेला असू शकतो, काय ते विचारा. हा एनसीबी मालकाचा, तुम्हाला मिळत नाही. विमा नावावर करताना फरकाची रक्कम भरावी लागते. आणि ते काम १४ दिवसांत करा, नाहीतर तुमच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडतो.

आरसीवर बँकेचा बोजा असेल तर तो उतरवायला बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५. विक्रीचे फॉर्म २९ आणि ३०. ई-चलन थकलेली आहेत का ते व्यवहाराआधी तपासून मालकाकडून भरून घ्या. २०१४ ची गाडी आहे, एचएसआरपी (नवी सुरक्षा नंबरप्लेट) बसवलेली आहे का तेही बघा.

आता एक गोष्ट वर कोणी बोललं नाही. तुमचं खरं घड्याळ मीटर नसून आरसी आहे. नोंदणी जून २०२९ ला संपते. पुढे फिटनेस तपासून पाच वर्षं मिळतात, पण नूतनीकरणाचे ५ हजार आणि वर ग्रीन टॅक्स. तुमच्या रनिंगने तोवर मीटर पावणेतीन लाखांजवळ जाईल. तेव्हा ही गाडी विकून फार काही हाती येणार नाही, असं धरूनच आजचा भाव ठरवा. महिन्याला आठशे किमी असते तर मी डिझेल घेऊच नका म्हणालो असतो. अडीच हजारांना हिशोब बसतो.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे आभार, यादी करून गाडी बघून आलो. पुराची एकही खूण नाही, बेल्ट शेवटपर्यंत स्वच्छ, बोल्टना गंज नाही. एनसीबी ४५. पिलर, दांडे ठीक. सर्व्हिस सेंटरला ८८ हजारांपर्यंत नोंदी मिळाल्या, सगळ्या चढत्या. त्यानंतर बाहेरच्या गॅरेजची बिलं आहेत: ९८ हजार, १.०९ लाख, मग एकदम १.३४, १.४४ आणि १.५५.

थंड स्टार्टला ड्रायव्हरच्या बाजूला सेकंदभर खडखड, मग शांत. गरम झाल्यावर नाही. झाकण उडालं नाही, धूर नाही. स्कॅनरवर तिसरा सिलिंडर बाकीच्यांपेक्षा वेगळा दाखवतोय. क्लच घसरत नाही पण पेडल जड आहे. टायर चारही २०१८ चे. मालक ३ लाख ५ हजारांवर आलाय.

ग्लोप्लग

१.०९ ते १.३४ हा २५ हजारांचा खड्डा आणि सेकंदाची खडखड यांचा संबंध आहे असंच मी धरेन. मधलं एखादं बिल हरवलं असेल, पण चेनचा आवाज हरवत नाही. चांगलं हे की ती अजून गरम इंजिनावर येत नाही, म्हणजे वेळेत पकडली आहे.

पुढे येणारा खर्च बाहेरच्या चांगल्या गॅरेजच्या अंदाजे भावाने असा धरा:

चेन, टेन्शनर, गाइड, चेनचे दातेरी गिअर मजुरीसकट १५ ते २० हजार. नुसती चेन बदलू नका, झिजलेल्या गिअरवर नवी चेन लवकर लांबते. इंजिनाचं त्या बाजूचं माउंटिंग, पुली आणि ऑइलचा संप सगळं उतरतं, म्हणून मजुरी जास्त. कॅम आणि क्रँक (चेनने जोडलेले दोन शाफ्ट) लॉक करायची हत्यारं ज्याच्याकडे आहेत त्यालाच काम द्या. खुणा करून बसवतो म्हणणाऱ्याकडे मुळीच नको.

टायर १६५/८० आर१४, चार मिळून १८ ते २० हजार. रबर इतकं जुनं झाल्यावर नक्षी शिल्लक असली तरी पावसात पकड राहत नाही, आणि तुम्ही रोज हायवेवर असणार.

तिसरा इंजेक्टर आधी काढून तांब्याचा वॉशर आणि बैठक बघायला सांगा. भोवती डांबरासारखा काळा थर असेल तर गळती वॉशरची आहे, थोडक्यात भागेल. तसं नसेल तर दुरुस्तीला ५-६ हजार.

ऑइल, तिन्ही फिल्टर, कूलंट, ब्रेक ऑइल मिळून ७ हजार. जड पेडल म्हणजे क्लच आठ-दहा महिन्यांत मागेल, ते ८-१० हजार वेगळे ठेवा.

क्लच सोडून पन्नास हजार झाले. नाव बदलणं आणि विमा धरून आणखी दहा-बारा. साडेतीनमधून हे वजा केलं की २ लाख ८५-९० राहतात, तुमची वरची मर्यादा तीच. मालकाला हा आकडा चेनच्या कोटेशनसकट दाखवा. प्रामाणिक माणूस दिसतोय, बिलं जपून ठेवली आहेत, बोलणं होईल. तीन लाखांवर अडला तर सोडा, ही गाडी बाजारात भरपूर आहे.

आणि व्यवहार झाला तर चेन होईपर्यंत सकाळी स्टार्ट केल्यावर अर्धा मिनिट आयडलला ठेवा, लगेच रेस मारू नका. गाडी धक्का देऊन किंवा उतारावर गिअरमध्ये टाकून चालू करू नका. टेन्शनरमध्ये ऑइलचा दाब नसताना सैल चेन दात सरकते ती बहुतेक अशाच वेळी.

आरसीबुक

टोकन देणार असाल तर एका कागदावर लिहून घ्या: मीटरचा आजचा आकडा, चासी नंबर, ताबा देण्याची तारीख आणि वेळ, आणि त्या वेळेपर्यंतची सगळी चलनं विकणाऱ्याची. रोख देऊ नका, खात्यावर टाका. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्याशिवाय उरलेली रक्कम सोडू नका.