मुठीत मावणारी कोरफड: तुमच्या घरात ती कशी जगली, कशी गेली?

लातूर

गेल्या मे महिन्यात माझी जाळीदार कोरफड गेली. नर्सरीत तिला 'मिनी अ‍ॅलो' म्हणतात, नाव अ‍ॅरिस्टाटा. वाटीएवढा घेर, पानांवर पांढरे ठिपके, टोकाला गव्हाच्या कुसळासारखा बारीक केस. स्वयंपाकघराच्या खिडकीत दोन वर्षं छान होती. ऊन तापलं तशी पानं आत मिटली, बाहेरची तपकिरी झाली. मला वाटलं तहानली, म्हणून सकाळ-संध्याकाळ अर्धा कप पाणी घालत राहिले. आठ दिवसांनी उचलायला गेले तर अख्खं रोप हातात आलं. खाली मूळच नव्हतं, नुसता काळा लगदा आणि वास.

ते फार लागलं मनाला. म्हणून हा धागा काढते आहे. घरात, गॅलरीत छोटी कोरफड सांभाळणाऱ्या सगळ्यांनी लिहा. जिल्हा, खिडकीची दिशा, माती आणि पाणी कुठलं, एवढं नक्की सांगा. पुण्या-मुंबईच्या हवेवर बेतलेले सल्ले आपल्या ४२-४३ अंशांत चालत नाहीत.

परभणी

ताई, पाण्याच्या आधी मातीकडे बघा. आमच्या घरी शेती, त्यामुळे कुंडी भरायची म्हटलं की पोतंभर काळी माती हजर. मी वाघदाती, म्हणजे जुवेना, हीही छोटी कोरफडच, त्या काळ्या मातीतच लावली होती. काळी माती भिजली की फुगते आणि पाणी धरून बसते. वाळली की भेगाळते, आणि बारीक मुळं त्या भेगांत तुटतात. कपाशीची मुळं खोल जातात म्हणून कपाशीचं भागतं, चार बोटांच्या कुंडीत नाही भागत.

आता माझं मिश्रण असं: एक वाटी गांडूळखत, एक वाटी साधी माती, दोन वाट्या चाळलेला मुरूम, एक वाटी विटेचे हरभऱ्याएवढे तुकडे. मुरूम चाळल्यावर चाळणीत वर राहतो तो घ्यायचा. खालची भुकटी घातली की पुन्हा चिखलच. पाणी ओतल्याबरोबर ते तळाच्या भोकातून बाहेर आलं पाहिजे. भोक नसलेले चिनी मातीचे कप दिसायला गोड असतात, पण मी त्यात लावणं बंद केलं.

लातूर, निवृत्त शिक्षिका

मीही लातूरचीच. २०१६ चा उन्हाळा आठवा, मिरजेहून रेल्वेने पाणी आलं ते वर्ष. घरात घागरी मोजून ठेवलेल्या होत्या. कुंडीला पाणी घालताना अपराधी वाटायचं. तुळशीला रोज तांब्याभर, बाकी कुणाला नाही. मोगरा गेला, दोन्ही गुलाब गेले, बारा वर्षांचा कढीपत्ता गेला.

पूर्वेच्या खिडकीत वाघदातीच्या दोन कुंड्या होत्या. मार्च संपल्यापासून त्यांना थेंब मिळाला नव्हता. पानं आधी विटकरी झाली, मग चपटी, मग इतकी सुरकुतली की सासूबाई म्हणाल्या, "टाकून दे माय, वाळलंय ते. कशाला जागा अडवालीस?" मी दाबून पाहिलं तर पान पातळ होतं, पण घट्ट होतं. ठेवून दिलं. जूनमध्ये पहिला चांगला पाऊस झाला तेव्हा दोन्ही कुंड्या पन्हाळीखाली नेल्या. पंधरा दिवसांत पानं भरली आणि ऑगस्टमध्ये बुडाशी पिल्लं दिसली. त्या दिवशी मी कुंडीजवळ बसून रडले, खोटं कशाला सांगू. त्या वर्षी घरातलं काहीतरी परत आलं होतं.

कारणही सांगते, मी विज्ञान शिकवायचे. आपली बहुतेक झाडं दिवसा पानांची छिद्रं उघडतात. कोरफडीच्या कुळातली दिवसा मिटून ठेवतात आणि रात्री गारव्यात उघडून हवा घेतात, म्हणजे पाणी कमी उडतं. आपल्याकडे मे महिन्यात मध्यरात्रीही भिंती गरम असतात. मग रोप वाढ थांबवतं आणि मूळ पाणी जवळजवळ ओढतच नाही. अशा वेळी गरम, ओल्या मातीत मुळं गुदमरतात आणि सडतात. धागा काढणाऱ्या ताईंची कोरफड पानं मिटून झोपली होती हो. तिला उठवायला नको होतं.

नांदेड

काकू, तुमचं वाचून डोळ्यांत पाणी आलं. पण नवीन लोकांनी हे वाचून उन्हाळाभर पाणी बंद करू नये, म्हणून लिहितो. माझ्याकडे डेस्कोइंग्सी आहे, मूळ मादागास्करची, सगळ्यांत लहान कोरफडींपैकी एक. अख्खं रोप लिंबाएवढं. दोन इंची मातीच्या कुंडीत ठेवलं होतं. नांदेडच्या मे महिन्यात तेवढी कुंडी एका दिवसात खडखडीत होते. महिनाभर पाणी दिलं नाही तर बारीक मुळं वाळून गेली आणि पुढे पावसाळ्यात ती पाणी ओढेनात. आता उन्हाळ्यात दर दहा-बारा दिवसांनी, दिवस मावळल्यावर, चार चमचे देतो. मोठ्या कुंडीला एवढंही नको.

फरक बोटाला कळतो. तहानलेलं पान पातळ पण चिवट लागतं. सडायला लागलेलं पान काचेसारखं पारदर्शक आणि पिचपिचीत. शंका आली तर खराट्याची काडी मातीत खुपसून काढा, ओलसर निघाली तर थांबा.

बीड

आमच्याकडे बोअरचं पाणी. बादलीला पांढरा थर बसतो तसाच कुंडीच्या काठाला बसायचा. पानांची टोकं वाळायची, मी ते उन्हाचं समजत होते. माती काढली तेव्हा मुळाभोवती क्षाराची पापडी होती. आता पावसाळ्यात पत्र्यावरून येणारं पाणी, पहिल्या एक-दोन सरींचं सोडून, दोन कॅनमध्ये भरून झाकून ठेवते. एवढ्याशा रोपांना वर्षभर पुरतं. एसीचं टपकणारं पाणीही चालतं.

एक कळकळीची विनंती: आरओ मशीनमधून बाहेर पडणारं पाणी वाया जातं म्हणून या रोपांना घालू नका. गाळलेले सगळे क्षार त्याच पाण्यात असतात. फरशी पुसा त्याने.

छत्रपती संभाजीनगर, तिसरा मजला

उत्तरेची खिडकी. चार महिन्यांत माझी अ‍ॅरिस्टाटा काकडीच्या वेलासारखी उजेडाकडे ताणली, पानांतली अंतरं वाढली. घाबरून एकदम पश्चिमेच्या गॅलरीत ठेवली, एप्रिलात. तीन दिवसांत पानांवर भाजल्याचे पांढुरके डाग पडले. ते डाग जात नाहीत, नवीन पानं येईपर्यंत बघत राहावं लागतं. आता पूर्वेच्या खिडकीत आहे, सकाळचं ऊन साडेनऊ-दहापर्यंत. तिथंही रोज अर्धा-अर्धा तास वाढवत नेली.

धाराशिव

माझी वाघदाती लाल झालीय. आजारी आहे का? पाणी वाढवू का?

लातूर, निवृत्त शिक्षिका

नको बाळा. पानं घट्ट असतील तर तो उन्हाचा रंग आहे, थोडी सावली मिळाली की पुन्हा हिरवी होते. पिवळी पडून मऊ झाली तरच काळजी कर.

जालना

पिठ्या ढेकणाबद्दल कुणी लिहिलं नाही. कापूसवाल्यांना ओळख सांगायला नको. छोट्या कोरफडीत तो पानांच्या बेचक्यात, अगदी मध्यात लपतो, कापसाच्या बोळ्यासारखा. कानाच्या काडीला स्पिरिट लावून एकेक टिपला, आठवड्याने पुन्हा, असं चार वेळा. शेतातलं औषध घरात फवारू नका, लेकरं असतात. मुंग्या चढताना दिसल्या की मध्यात बघाच.

आणि आमच्या आईने भाजल्यावर लावायला वाघदातीचं पान तोडलं होतं. तिला समजावलं की ही औषधाची कोरफड नाही, ती वेगळी. ही शोभेचीच राहू द्या. मांजर-कुत्रं असेल तर त्यांच्याही तोंडापासून दूर ठेवा.

हिंगोली

माझी अ‍ॅरिस्टाटाची एकच कुंडी होती, पाच वर्षांत सदतीस झाल्या. पिल्लं आईच्या तिसऱ्या हिश्शाएवढी होईपर्यंत हात लावत नाही. डिसेंबरात कुंडी उलटी करून माती झाडायची, स्वतःची मुळं आलेलं पिल्लू हलकेच फिरवून सोडवायचं. तुटलेली जागा सावलीत चार दिवस वाळू द्यायची, मग लावायचं, आणि लावल्यावर आठवडाभर पाणी नाही. थंडीत ती मुळं धरते, मेच्या आधी हाताशी वेळ असतो. गेल्या संक्रांतीला हळदीकुंकवाच्या वाणात स्टीलच्या वाट्यांऐवजी हीच दिली. अकरा जणींना. नऊ जिवंत आहेत, मी विचारत असते.

पण तिच्याही आधी जी घेतली होती तिला पुढे पांढरी, इवलीशी फुलं आली आणि कळलं की ती कोरफड नाही, हॉवर्थिया. अ‍ॅरिस्टाटाची फुलं नारिंगी-लालसर, नळीसारखी असतात. नर्सरीत दोन्ही एकाच नावाने विकतात. सांभाळायची रीत जवळपास सारखीच, फक्त हॉवर्थियाला ऊन अजून कमी.

धागा काढणाऱ्या ताई, तुमच्यासाठी अ‍ॅरिस्टाटाचं एक पिल्लू काढून ठेवते. माझा भाऊ पुढच्या रविवारी लातूरला येतोय. कागदात गुंडाळून देते, माती न घालता. तुम्ही मुरूम चाळून ठेवा.

लातूर

ताई, चाळून ठेवते. पूर्वेची खिडकीही आज रिकामी केली.