मदत हवी आहे: भावाला २९व्या वर्षी बीपी

माझा धाकटा भाऊ हिंजवडीत नाइट शिफ्टला आहे, कंपनीच्या चेकअपमध्ये बीपी १५२/९८ निघालं आणि घरच्या मशीनवर पण १४५च्या खाली येत नाहीये. त्रास काहीच नाही म्हणून तो मनावर घेत नाही, जेवताना पापड लोणचं आणि वरून मीठ चालूच. डॉक्टर म्हणाले एवढ्या लहान वयात किडनी, थायरॉइड बघायलाच हवं, शिवाय २४ तासांचं बीपी मॉनिटरिंग. ते कोणी केलंय का? दंडावरचा पट्टा सारखा फुगतो म्हणे, मग कामाच्या दिवशी लावायचा की सुट्टीच्या? त्याचे दंड जाड आहेत, लहान पट्ट्याने रीडिंग जास्त दाखवतं असं कळलं, मोठा पट्टा वेगळा मिळतो का? बाबांना पन्नाशीतच अटॅक आला होता, त्यामुळे मला फार काळजी वाटतेय. प्लीज सांगा.