इजिप्तच्या घरात दगडी पाती, म्हणजे ते अश्मयुगात?

गावकुसाबाहेर: काल इथे एकाने ठोकून दिलं, "तांबं फेरोचं, सामान्य इजिप्शियन मात्र अश्मयुगातच." डोकं फिरलं, म्हणून लिहितोय. उत्खनन करणाऱ्या पेट्रीला 1889-90 मध्ये काहूनला, म्हणजे इजिप्तमधल्या एका प्राचीन गावात, लाकडी विळा मिळाला, चकमकीचे (म्हणजे फोडली की धारदार कपच्या निघतात त्या गारेचे) दाते लुकणाने बसवलेले. त्याच गावात तांब्याची हत्यारंही निघाली. घरात दोन्ही होतं! चकमक फोडली की धार तयार, बोथट झाली की टाकून द्यायची. देर अल-मदिनात, म्हणजे राजांची थडगी खोदणाऱ्यांच्या वस्तीत, मात्र कामगारांना तांब्याच्या छिन्न्या तोलून देत आणि तोलूनच परत घेत.

शंकासुर: तो 'एकाने' मीच. तोलून देत, म्हणजे तांबं महाग. महाग, म्हणजे गरिबाला दगड. माझाच मुद्दा तुम्ही पुराव्यानिशी मांडलात, आभार!

आटपाडीची: गहू कधी कापलाय का कुणी? माझ्या सासूबाई पोलादी विळासुद्धा दिवसातून चार वेळा दगडावर घासायच्या. दाते असले तर तुटलेला तेवढा बदलायचा. मला तर सोयच वाटते.

बांधावरचा: त्यांचं कापणंच वेगळं. थडग्यांतल्या चित्रांत कणसाखालून कापतात. आम्ही बुडातून कापतो, कडबा लागतो.

आटपाडीची: कडबा ज्वारीचा हो! गव्हाचं काड.

बांधावरचा: आमच्याकडे सगळ्याला कडबाच म्हणतात. शहाणपण नको.

आटपाडीची: 'आमच्याकडे' म्हणजे फ्लॅटच्या गॅलरीत का? तिकडे काड वाया जात नव्हतं, चिरून विटांच्या मातीत घालत.

शंकासुर: इजिप्त राहिलं बाजूला, बैलांचा चारा सुरू!

धूळखाऊ: चाराच बरा. सोन्याच्या मुखवट्यापुढे ही रांग, चकमकीच्या कपाटापुढे चिटपाखरू नाही. जुन्या उत्खननांत तर बऱ्याच जणांनी साध्या कपच्या उचलल्याच नाहीत. मग घरात काय होतं ते कळणार कसं?

गावकुसाबाहेर: शंकासुर, बेनी हसनला प्रांताधिकाऱ्यांच्या थडग्यांत चकमकीच्या सुऱ्या घडवणारे कारागीर रंगवलेत. त्या साहेबांनी गरिबीची हौस म्हणून काढून घेतले का?

शंकासुर: थडग्यात बेकरी, सुतारकाम, सगळंच रंगवतात. साहेब स्वतः वापरत होते हे कुठे दिसलं?

गावकुसाबाहेर: साहेबांच्या पदरी चकमकीचे कारागीर होते, एवढं तरी दिसतं ना?

शंकासुर: दिसतं बुवा, दिसतं. तर मग साहेबही अश्मयुगीन! सुरीपुरतं मान्य. विळ्याचं बाईंशी बोलेन, पण ते कडब्यावाले गेल्यावर.

बांधावरचा: मी इथेच आहे.