सोमवारपासून पहिली वॉर्ड पोस्टिंग, मदत हवी आहे

नमस्कार ताई-दादांनो. मी जीएनएमच्या (नर्सिंग डिप्लोमा) पहिल्या वर्षाला आहे, रत्नागिरीत. सोमवारपासून मेल मेडिकल वॉर्ड, सकाळची ड्युटी.

खरी भीती बीपीची आहे. हॉस्टेलवर मैत्रिणींच्या दंडावर जमतं. पण शेजारच्या आजोबांचा दंड म्हणजे नुसतं हाड नि कातडं. स्टेथोस्कोपमध्ये मला माझेच ठोके ऐकू येतात की काय, असं वाटलं! आधी मनगटाची नाडी बोटाखाली ठेवून कफ (दंडाला बांधायचा हवेचा पट्टा) फुगवायचा, ती हरवली की पारा आणखी 30ने चढवून मग सावकाश सोडायचं, हे पाठ आहे. तरी पहिला आवाज निसटतो. हवा भरभर सोडतेय का मी? अशा बारीक दंडाला छोटा कफ मागावा का? आणि ऐकूच आलं नाही तर सिस्टरना सरळ सांगितलेलं चालतं ना? अंदाजे आकडा लिहायला मन धजत नाही.

दुसरं, श्वास मोजतोय हे कळलं की माणूस वेगळाच श्वास घेतो. मनगट धरूनच छातीकडे बघत पूर्ण मिनिट मोजावं, असं मॅडम म्हणाल्या. प्रत्यक्षात जमतं का?

पावसाळा आहे, म्हणजे लेप्टो (लेप्टोस्पायरोसिसचा ताप), विंचू, साप हे येणारच. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचं विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध वापरण्याचं काम ऐकून माहीत आहे, पण अशा पेशंटजवळ पहिल्या वर्षाच्या मुलीने नेमकं काय बघत राहायचं?

आणि हो, पांढरे बूट एसटी स्टँडच्या चिखलातून कसे वाचवता? मी पिशवीतून न्यायचं ठरवलंय.