मिरवणुकीत साहेबांना माझी घोडी द्यावी का?

बावड्याचा पागेवाला
आमच्या तालमीची शिवजयंतीची मिरवणूक. प्रमुख पाहुणे पुण्याहून येणार, मोठं नाव आहे, विचारू नका. पोरांनी ठरवलंय, साहेब मिरजकर तिकटीपासून बिंदू चौकापर्यंत घोड्यावरून आले पाहिजेत, आणि घोडी माझी. चंद्रा सात वर्षांची, काठेवाडी. रोज पहाटे कसबा बावड्यातून नदीकडं आम्ही दोघं जातो. उसाचा ट्रॅक्टर गाणी लावून शेजारून गेला तरी कान हलवत नाही. पोरं म्हणतात, "तुझाच तुझ्या घोडीवर विश्वास न्हाई व्हय?" घोडीवर आहे. साहेबांवर नाही. हे तोंडावर कसं सांगायचं? तुम्ही दिली असती का?

तांबडा-पांढरा
द्यायची की भावा! घोडी मिरवायला न्हाई तर काय लोणचं घालायला पाळल्यास? पाहुणा दारात आल्यावर त्याला रस्सा वाढायचा आणि घोडी परड्यात लपवायची, हे कोल्हापुरात बसत न्हाई. वरातीत नवरदेव बसतोयच की, जन्मात गाढवावर न बसलेला. काय होतंय त्याला?

पन्हाळ्याची पोर
वरातीच्या घोड्याला रोज तेच काम असतं. बागडोर, म्हणजे घोडा पुढून धरून न्यायची दोरी, मोतद्दाराच्या (घोडा सांभाळणाऱ्याच्या) हातात, नवरदेव म्हणजे वरचं ओझं. घोडा त्याचं ऐकतच नसतो, म्हणून तर सगळं नीट पार पडतं.

चंद्रा मालकाचं ऐकते. पायाचा जरा दाब आला की चालते, लगाम बोटभर ओढला की थांबते, असंच ना? आता वर न शिकलेला माणूस बसवा. कुणीतरी कागदांची तोफ उडवली. माणूस दचकला की दोन गोष्टी करतो, लगाम गच्च ओढतो आणि टाचा आवळतो. म्हणजे एका दमात "थांब" पण आणि "पळ" पण. घोडीनं काय समजायचं? घोडी जितकी हलक्या हाताची, तितकी ती अशा माणसाखाली जास्त बावचळते. माझ्याकडं शिकायला येणाऱ्यांना मी पहिले काही दिवस म्हाताऱ्या, निबर तोंडाच्या, लगाम ओढला तरी न बावचळणाऱ्या घोड्यावरच बसवते. चांगली घोडी नंतर.

त्यात डांबरावर नाल घसरते. त्यात डॉल्बी. ट्रॅक्टरचा आवाज वेगळा. डॉल्बीचा ठोका छातीत बसतो.

निवृत्त मास्तर, राजारामपुरी
थोडं लांबचं उदाहरण देतो. जून १९८२ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रोनाल्ड रेगन विंडसरला गेले, तेव्हा एलिझाबेथ राणीनं त्यांना आपल्या पागेतला सेंटेनियल नावाचा घोडा दिला आणि स्वतः बर्मीज घोडीवर बसून सोबत गेली. जगभरचे फोटोवाले हजर. तिला चिंता नसेल का? तरी दिला. यजमानपण म्हणतात ते हेच. पागेवाले, तुमचे साहेब रेगनपेक्षा मोठे नसावेत.

पन्हाळ्याची पोर
मास्तर, उदाहरण तुमचं आणि मुद्दा माझा. रेगन तरुणपणी अमेरिकी सैन्याच्या राखीव घोडदळात अधिकारी होते, म्हातारपणीही स्वतःच्या रँचवर घोडा फिरवायचे. राणीनं घोडा दिला तो स्वाराला, पाहुण्याला नव्हे. शिवाय बर्मीजचीच आदल्या वर्षीची गोष्ट बघा. जून १९८१, लंडनमधली संचलनाची मिरवणूक, गर्दीतून एका पोरानं राणीवर सहा कोरे बार काढले. कॅनडाच्या पोलिसांनी तयार केलेली घोडी, तीसुद्धा बिथरली. राणीनं जागच्या जागी सावरली, कारण मांड पक्की होती. राणीच्या जागी तुमचे साहेब बसवून बघा.

तांबडा-पांढरा
बिंदू चौकात कोण बार काढतंय? 😄

पन्हाळ्याची पोर
गेल्या वर्षी मिरवणुकीत होतास का नव्हतास?

तांबडा-पांढरा
होतो. ऱ्हाऊ दे.

गंगावेशीतला
मराठ्यांच्या फौजेत दोन तऱ्हेचे स्वार असायचे. बारगिराला घोडा सरकारातून मिळायचा. शिलेदार स्वतःचा घोडा, स्वतःचं हत्यार घेऊन चाकरीला यायचा. बारगिराखाली घोडा मेला तर खोट सरकारची. शिलेदाराचा मेला तर त्याचं स्वारपणच गेलं. पागेवाले, तुम्ही शिलेदार. तालमीला एवढी हौस असेल तर तालमीनं पागा काढावी, दाणा-वैरण बघावी, आणि मग खुशाल साहेबांना बारगीर करावं.

आणि वजन? घोड्यावर त्याच्या वजनाच्या साधारण पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त ओझं नसावं, खोगीर धरून. चंद्रा साडेतीनशे किलोची धरली तर सत्तर. साहेब बॅनरवर तरी नव्वदच्या खाली दिसत नाहीत.

तांबडा-पांढरा
हिशेब लई घालतोस. मावळे ढाल-तलवार घेऊन बसत न्हवते व्हय?

गंगावेशीतला
बसायचे. त्यांची पोटं बघितलीस का?

कागलकर
मी एकदा असा पाहुणा झालोय, म्हणून लिहितो. गाव सांगत नाही. जत्रेत माझा सत्कार होता, आणि वेशीत घोडा उभा. कुणी विचारलं नाही, "बसणार का?" हजारभर माणूस बघत होतं, मागून दोघांनी उचलून बसवलंच. रिकिबी मला आखूड, गुडघे पोटाशी. टाच मारायचा प्रश्नच नव्हता, पण भीतीनं माझ्या पोटऱ्या थरथरत होत्या आणि घोड्याला ते "चल" वाटत होतं. मालक शेजारून चालत होता, चेहरा पांढराफटक. त्यालाही "उतरा" म्हणता येईना, मलाही "उतरवा" म्हणता येईना. देवळापर्यंत दोनशे पावलं असतील. अजून मोजतोय.

माझं म्हणणं एवढंच, तुम्ही सगळे घोडीबद्दल भांडताय. साहेबांना कुणी विचारलंय का?

निवृत्त मास्तर, राजारामपुरी
हे मात्र खरं. राणीच्या पाहुण्याला घोड्यावर बसायची हौस होती, हे मी धरून चाललो. तरी माझं मत बदललेलं नाही. पाहुण्याला बसायचं असेल तर मालकानं स्वतः बागडोर धरून न्यावं. नाही म्हणणं हा त्याचा अपमान.

बावड्याचा पागेवाला
मास्तर, आधी मलाही तेच वाटलं होतं. पण बागडोर माझ्या हातात आणि लगाम त्यांच्या हातात, म्हणजे एका घोडीला दोन मालक. आमच्या पुतण्यानं लगाम ओढला तर मी खेकसतो, "सोड हात!" साहेबांवर कसा खेकसू? सगळी अडचण तिथंच. ज्याला रागावता येत नाही त्याला माझी घोडी द्यायची नाही, असं आता माझं पक्कं झालंय.

कागलकरांचं वाचून दुपारी पुण्याला फोन लावला. स्वीय सहाय्यक म्हणाले, साहेबांचं कमरेचं ऑपरेशन झालंय, घोडा सोडा, जीपमध्ये पण उभे राहणार नाहीत.

तांबडा-पांढरा
आता? फ्लेक्स लागलाय की दाभोळकर कॉर्नरला! साहेब घोड्यावर, हातात तलवार!

गंगावेशीतला
आळंदीच्या पालखीत माऊलींच्या अश्वावर कुणी बसत नाही. तो अंकलीहून येतो, आपल्या जवळूनच. रिकामा चालतो तरी लोक त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावतात. चंद्राला सजवा, झूल घाला आणि रिकामी न्या.

बावड्याचा पागेवाला
हे जमतंय. डॉल्बीच्या पुढं दोनशे फूट, बागडोर माझ्याकडं. गुलाल तिच्या तोंडाकडं उधळायचा नाही, हे पोरांकडून कबूल करून घेतलंय.

तांबडा-पांढरा
आणि फ्लेक्सवरच्या चंद्राचं काय?

बावड्याचा पागेवाला
ती चंद्रा नव्हंच. चंद्रा तांबडी आहे. ती पांढरी कुठली तरी इंटरनेटवरनं उचललीय, आणि नीट बघ, घोडा आहे तो.