घोटा आणि घुटना

'घोटा' हा शब्द हिंदीतल्या 'घुटना'वरून (म्हणजे गुडघा) आला, असं म्हणतात ते मला काही पटत नाही. दोघांचं मूळ एकाच घराण्यातलं असेल, पण हिंदीकडून उसना घ्यायची गरज मराठीला नव्हती. संस्कृतात 'घुटिका' आहे आणि तिचा अर्थ गुडघा नव्हे, घोटाच. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशात 'तद्ग्रन्थी घुटिके गुल्फौ' असं येतं, म्हणजे पायाच्या गाठी त्या घुटिका किंवा गुल्फ. त्याखालची ती पार्ष्णि, आपली टाच. चवड्यालाही तिथे 'प्रपद' असा स्वतंत्र शब्द आहे.

'गाठी' हे वर्णन मला फार आवडतं. घोट्याच्या उंचवट्याचं म्हणून वेगळं हाड नसतंच. एका पायाचे दोन्ही उंचवटे अंगठा आणि मधल्या बोटाच्या चिमटीत धरून बघा: आतला म्हणजे नडगीचं खालचं टोक, बाहेरचा तिच्या शेजारच्या बारीक हाडाचं, फिब्युलाचं. बाहेरचा जरा खाली आणि मागे लागतो. पाय मुरगळल्यावर डॉक्टरांनी दाखवेपर्यंत मी ते दोन्ही एकाच हाडाचे समजत होतो! लॅटिनमध्ये या उंचवट्याला 'मॅलिओलस' म्हणतात, म्हणजे छोटी हातोडी. आपली गाठ जास्त चपखल.