मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर आईला कडेला काळं दिसतंय, मदत हवी आहे

सायली_प
आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. पट्टी काढल्यापासून म्हणतेय, कानाच्या बाजूला काळी चंद्रकोर दिसते. शिवाय पांढरं सगळं निळसर. डॉक्टर म्हणतात लेन्स उत्तम बसलीय. मग हे काय? आई आता दुसऱ्या डोळ्याचं करायला तयारच नाही. अनुभव असेल त्यांनी प्लीज लवकर सांगा.

अबोली
कुठला डोळा? कधी झालं? लेन्स कुठली? शुगर आहे का?

नाना_सातारकर
लेन्सच्या मागे जाळी धरली असेल. याग लेझर करून घ्या. पाच मिनिटांचं काम, टाका नाही, पट्टी नाही. मला दोन वर्षांनी करावं लागलं.

मंदाकिनी
त्रिफळ्याच्या पाण्याने रोज डोळे धुवायला सांगा. आमच्याकडे सगळे करतात.

अबोली
मंदाकिनीताई, ऑपरेशनच्या डोळ्यात असलं काही नको हो! जखम भरेपर्यंत नळाचं पाणीसुद्धा जाऊ देत नाहीत. जंतुसंसर्ग झाला तर डोळा जाऊ शकतो.

मंदाकिनी
जखम भरल्यावरच म्हणत होते मी.

सायली_प
उजवा डोळा. गणपतीनंतर केलं. साधी मोनोफोकल, म्हणजे एकाच अंतराचं स्पष्ट दाखवणारी. शुगर नाही. नाना, धूसर अजिबात नाही, लांबून बसची पाटी वाचते. फक्त पेपरला चष्मा लागतो.

रोहन_ठाणे
जवळचं-लांबचं दोन्ही दाखवणारी मल्टिफोकल घ्यायला हवी होती, चष्माच गेला असता.

नाना_सातारकर
आणि रात्री दिव्यांभोवती वलयं दिसतात त्याचं काय? माझा मेव्हणा रात्री गाडी चालवायची सोडून बसलाय.

विनय_रंगरेषा
निळसरपणाचं सांगतो. म्हातारपणी डोळ्यातलं भिंग पिवळं पडतं आणि निळा प्रकाश अडवतं. ते काढलं की निळा एकदम आत येतो. आईंना एकेक डोळा झाकून पांढऱ्या चादरीकडे बघायला सांगा. डाव्या डोळ्याला तीच चादर चहा सांडल्यासारखी दिसेल. चित्रकार क्लोद मोने यांचं ऑपरेशन १९२३ साली झालं, त्यांचीही रंगांबद्दल तक्रार होती.

केतकी_ऑप्टोमेट्रिस्ट
विनय यांचं बरोबर. कानाच्या बाजूची कोर लेन्सच्या कडेपाशी प्रकाश जसा वळतो त्यामुळे दिसू शकते. लेन्स नीट बसलेली असली तरी होतं हे, आणि बहुतेकांचं काही आठवड्यांत, महिन्यांत कमी होतं. चष्म्याची दांडी जाड घेतली तर काहींना बरं वाटतं. पण कोर आहे तेवढीच आहे की वाढतेय?

सायली_प
सगळ्यांचे आभार. तेवढीच आहे. आणि हो, परवापासून अंधारात त्याच डोळ्यात वीज चमकल्यासारखं होतं म्हणते, काळे ठिपके पण तरंगतात. झोप नाही म्हणून असेल ना?

केतकी_ऑप्टोमेट्रिस्ट
सायली, हे झोपेचं नाही. आजच्या आज डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या आणि बाहुली मोठी करून डोळ्याच्या आतला पडदा (रेटिना) तपासायला सांगा. नुसता नंबर काढून परत येऊ नका. बऱ्याचदा डोळ्यातला जेल पडद्यापासून सुटतो तेव्हा असं होतं आणि काही करावं लागत नाही. पण पडद्याला भोक पडलं असेल तर वेळेत गेल्यास लेझरवर भागतं. पडदा सुटला तर मोठं ऑपरेशन. कडेने सावली सरकत आली तर एक मिनिट थांबू नका. बाहुली मोठी करायच्या ड्रॉप्सनंतर काही तास त्यांना नीट दिसणार नाही, सोबत जा.

सायली_प
फोन केला, लगेच बोलावलंय. निघतोय.

रोहन_ठाणे
मेडिक्लेममध्ये मल्टिफोकलचे पूर्ण पैसे मिळतात का, कोणाला माहीत आहे?